प्रकल्प नोंदी: जेनेटिक कोड आमच्या अर्थाने 'कोड' आहे का

६ जानेवारी

टायटल फायनल झालं एकदाचं. 'जेनेटिक कोडचा एरर करेक्टिंग कोड म्हणून अभ्यास'. (एरर करेक्टिंग म्हणजे संदेशात वाटेत चूक झाली तरी ती सुधारता येते असा.) फॉर्मवर तीन सह्या लागतात, तिन्ही आजच मिळाल्या, हे स्वतःच एक रिझल्ट म्हणून लिहायला हरकत नाही.

सरांनी पहिल्याच मीटिंगला विचारलं, इन्फर्मेशन थिअरीवाल्या शॅननची पीएचडी कशावर होती? मी ठोकून दिलं, कम्युनिकेशनवर. ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकॉम) चार वर्षं अधिक एमटेकचं एक, आणि उत्तर चूक. १९४० ला एमआयटीत त्याने जो थिसिस दिला त्याचं नाव 'ॲन अल्जेब्रा फॉर थिऑरेटिकल जेनेटिक्स'. व्हॅनेव्हर बुशने त्याला त्या वाटेला लावलं, १९३९ च्या उन्हाळ्यात तो कोल्ड स्प्रिंग हार्बरला जाऊन जेनेटिक्स शिकला, थिसिस लिहिला, आणि मग ते सगळं बासनात बांधून निघून गेला. त्याच्या कलेक्टेड पेपर्समध्ये तो छापून यायला १९९३ उजाडलं. अर्थात त्या थिसिसमध्ये आपण म्हणतो तसा कोड वगैरे काही नाही, लोकसंख्येत जीन्सची कॉम्बिनेशन्स पिढ्यान्‌पिढ्या कशी पसरतात त्याचं बीजगणित आहे, जीन्स डीएनएच्या असतात याचा तर पत्ताच नव्हता तेव्हा. पण मजा वाटली, की ज्या माणसाने १९४८ ला आमचा अख्खा विषय उभा केला तो आधी जीन्सच मोजत बसला होता.

मला जेनेटिक्स किती येतं: दहावीपर्यंतचं, त्यातलंही मटार.

९ जानेवारी

बायोटेकच्या मैत्रिणीला कँटीनमध्ये गाठलं आणि दोन चहा आणि एक वडापाव एवढ्या फीमध्ये क्लास लावला. आरएनएची चार अक्षरं, ए यू जी सी (डीएनएत यू च्या जागी टी). तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणायचं, असे चौसष्ट. त्यातले तीन म्हणजे 'थांबा', उरलेल्या एकसष्टमध्ये वीस अमायनो ॲसिड्स वाटलेली, म्हणजे प्रोटीनच्या माळेचे मणी. ल्युसिनला सहा शब्द, मेथिओनिनला एकच.

मी लगेच टिश्यू पेपरवर हिशोब. चौसष्ट शब्द म्हणजे सहा बिट्स. एकवीस अर्थ म्हणजे ४.३९ बिट्स. दीड बिटाहून जास्त रिडंडन्सी! हे तर उघडउघड चॅनेल कोडिंग आहे, चुकांपासून वाचायला मुद्दाम जास्तीचे बिट्स, मी म्हटलं.

घरी येऊन विचार केला तर तेवढं सरळ नाहीये. आमच्याकडे हॅमिंगच्या कोडमध्ये सात बिट्सचे १२८ शब्द होऊ शकतात पण वापरायचे फक्त १६, बाकीचे मुद्दाम रिकामे सोडायचे. चूक झाली की शब्द रिकाम्या जागेत पडतो आणि रिसीव्हर ओरडतो की अरे हा शब्द आपल्या यादीतच नाही. इथे रिकामी जागाच नाही ना, चौसष्टच्या चौसष्ट शब्दांना अर्थ आहे. एक अक्षर बदललं तरी जे येतं तेही वैधच. रायबोसोमला, म्हणजे हे शब्द वाचून प्रोटीन ओवणाऱ्या यंत्राला, कळणारच नाही की काही चुकलंय, तो बिचारा पुढचा मणी ओवून मोकळा. मिनिमम डिस्टन्स एक, एका वैध शब्दातून दुसऱ्यात जायला एकच अक्षर पुरतं. म्हणजे डिटेक्टसुद्धा होत नाही, करेक्ट तर लांबच.

टायटलवर सह्या होऊन तीन दिवस झालेत. हे आत्ता सरांना सांगत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत, लॅब अर्धी रिकामी. तिळगूळ खात जुने पेपर वाचले, आणि आजचा दिवस वसूल झाला.

डीएनएचा आकार १९५३ ला कळल्यावर पुढची सात-आठ वर्षं हा कोड फोडायला जी मंडळी बसली होती त्यात फिजिक्सवाले आणि गणितवाले भरपूर. गॅमॉ हा बिग बँगवाला माणूस, त्याने १९५४ ला डायमंड कोड काढला आणि वीस सभासदांचा आरएनए टाय क्लबसुद्धा काढला, एकेका अमायनो ॲसिडला एकेक सभासद, प्रत्येकाचा टाय. मग १९५७ ला क्रिक, ग्रिफिथ आणि ऑर्गेल यांचा कॉमा-फ्री कोड. प्रश्न असा, की अक्षरांची सलग माळ आहे, मध्ये स्वल्पविराम नाहीत, तर वाचणाऱ्याला शब्द कुठे सुरू होतो ते कळणार कसं? आमच्या भाषेत फ्रेम सिंक्रोनायझेशन. त्यांचं उत्तर, की शब्दच असे निवडायचे की दोन शब्द शेजारी ठेवले तर मधल्या सांध्यात तिसरा वैध शब्द तयारच होऊ नये. मग हिशोब बघा. एएए सारखे चार शब्द बाद, कारण एएएएएए मध्ये कुठूनही वाचलं तरी एएएच. उरले साठ. प्रत्येक शब्द गोल फिरवला की त्याची तीन रूपं होतात, त्यातलं एकच ठेवता येतं. साठ भागिले तीन, वीस.

वीस! बरोब्बर अमायनो ॲसिड्स जितकी तितकी. माझ्या अंगावर काटा आला खरंच, ६५-७० वर्षांपूर्वी लोकांना काय वाटलं असेल. गोलोंब, गॉर्डन, वेल्च यांनी १९५८ ला त्याचं व्यवस्थित गणितही मांडून ठेवलं.

आणि ते साफ चूक निघालं. १९६१ ला नीरेनबर्ग आणि मथाई यांनी नुसत्या यू-यू-यू-यू ची माळ टेस्ट ट्यूबमध्ये घातली आणि फेनिलॲलनिनची साखळी बाहेर आली. म्हणजे पहिलाच शब्द जो सापडला तो यूयूयू, कॉमा-फ्री कोडमध्ये जो मुळात बाद होता तोच. पुढे खोराना आणि मंडळींनी उरलेला तक्ता भरला, १९६८ चं नोबेल नीरेनबर्ग, खोराना आणि हॉली तिघांना मिळून.

वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलंय: वीस आलं म्हणून हुरळून जायचं नाही.

१८ जानेवारी

ठीक, कोडॉनच्या पातळीवर करेक्शन नाही. पण डीएनएच्या लांब पट्टीत कुठे पॅरिटी, म्हणजे बाकीच्यांवरून ठरणारे तपासणीचे बिट्स, लपलेली असेल तर? हे तपासायला एक सोपी टेस्ट आहे. हॅमिंगचे सात-सात बिट्सचे हजार शब्द एकाखाली एक लिहा, मॅट्रिक्सची रँक (खरोखर स्वतंत्र कॉलम किती ते) काढा, चारच येणार, कारण तीन बिट्स बाकीच्या चारांवरून ठरतात. तसंच डीएनएचे करायचं, लांबी 'एन' चे तुकडे पाडायचे, एकाखाली एक मांडायचे, कुठल्या एखाद्या 'एन' ला रँक कमी आली तर तिथे काहीतरी लिनिअर भानगड आहे.

डेटा म्हणून लॅम्डा फेज घेतला, बॅक्टेरियाला लागणारा व्हायरस, ४८,५०२ अक्षरं, फाईल फुकट डाउनलोड होते. प्रत्येक अक्षराला दोन बिट्स, ए म्हणजे ००, सी ०१, जी १०, टी ११. 'एन' तीनपासून दीडशेपर्यंत, त्यापुढे ओळी कमी पडतात. रात्री लावून आले.

२० जानेवारी

सापडलं.

७१ वर रँक पडली. १४२ कॉलम, रँक १४०. बाकी सगळीकडे फुल. आणि १४२ वर परत पडली, म्हणजे दुप्पट लांबीवर, जे कोड असेल तर व्हायलाच हवं! फ्रेम एकेक अक्षराने सरकवून बघितली तरी तेच. ७१ ही प्राइम संख्या आहे, त्याचा कशाशी संबंध लावावा म्हणून रात्री दीडपर्यंत जागी. मैत्रिणीला व्हॉइस नोट पाठवली, अडीच मिनिटांची, ती मी आता डिलीट करू शकत नाहीये कारण तिने ऐकली.

२१ जानेवारी

फाईलमध्ये प्रत्येक ओळ ७० अक्षरांची असते. मग एंटर. सत्तर अधिक एक.

मी पहिली हेडरची ओळ काढली होती पण ओळीच्या शेवटचे एंटर काढलेच नव्हते, आणि डिक्शनरीत न सापडणाऱ्या अक्षराला प्रोग्रॅम गुपचूप शून्य देत होता, त्यामुळे दर ७१ वं अक्षर ००, त्याचे दोन कॉलम सबंध शून्य, रँक दोनने कमी. मी लॅम्डा फेजचा नाही, टेक्स्ट फाईलचा कोड शोधून काढला. एंटर काढून परत रन केलं, तीनपासून दीडशेपर्यंत सगळीकडे फुल रँक, काही म्हणजे काही नाही.

आणि हे सगळं १९९६ मध्येच लिबोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॅक ऑपेरॉन आणि सायटोक्रोम सी च्या जीनवर करून ठेवलंय, त्यांनाही साधा ब्लॉक कोड मिळाला नाही. आधी वाचायला हवं होतं. सर म्हणाले, "अगं थोडीफार म्युटेशन्स झालेली असली तरी तुझी रँक फुल येऊ शकते, त्यामुळे 'नाही' असंही ठामपणे म्हणता येत नाही, 'या चाळणीत अडकलं नाही' एवढंच लिही." तसंच लिहिलं.

२३ जानेवारी

इंटर्नल रिव्ह्यू. दहा मिनिटं. कोणी काही विचारलं नाही.

२९ जानेवारी

आता दुसऱ्या टोकाने. एकसष्ट कोडॉन, प्रत्येकात तीन जागा, प्रत्येक जागी तीन वेगळी अक्षरं येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराच्या एकूण ५४९ चुका शक्य. प्रत्येकीचं काय होतं ते मोजलं. १३४ मध्ये अमायनो ॲसिड तेच राहतं. ३९२ मध्ये बदलतं. २३ मध्ये 'थांबा' येतो आणि प्रोटीन अर्धवट तुटतं.

पण जागेनुसार वेगळं काढलं तेव्हा चित्र एकदम फिरलं. त्या १३४ बिनधोक चुकांपैकी १२६ तिसऱ्या जागेवरच्या, आठ पहिल्या, आणि मधल्या जागेवर शून्य. एकसुद्धा नाही. म्हणजे मधलं अक्षर बदललं की अमायनो ॲसिड बदललंच समजा. हे मला फार चमत्कारिक वाटलं, की तीन अक्षरांच्या शब्दात एका अक्षराला एवढं प्रोटेक्शन आणि शेजारच्याला वाऱ्यावर.

३ फेब्रुवारी

'बदलतं' एवढं म्हणून भागत नाही, किती बदलतं ते हवं. वूजने पोलर रिक्वायरमेंट नावाचं एक माप काढलं होतं, अमायनो ॲसिडला पाण्याची ओढ किती अशा अर्थाचं, सिस्टीन ४.८, ॲस्पार्टिक ॲसिड १३.०, बाकीची मधे. चुकीच्या आधी आणि नंतरच्या आकड्यांतला फरक घ्यायचा, वर्ग करायचा, सगळ्या चुकांवर सरासरी. आमचं मीन स्क्वेअर एररच की हे, फक्त व्होल्टेजच्या जागी अमायनो ॲसिड. १९९१ ला हेग आणि हर्स्ट यांनी हेच केलं होतं, त्यांचं उत्तर ५.१९.

माझं उत्तर ७.४४.

दुपार गेली. स्टॉप कोडॉनला मी शून्य दिलं होतं (परत तेच शून्य, मला या सवयीवर काहीतरी उपाय करायला पाहिजे) त्यामुळे त्या २३ चुका राक्षसासारख्या मोठ्या दिसत होत्या. त्या बाजूला काढल्या, ५२६ उरल्या, ५.१९४. पेपरशी आकडा जुळल्यावर जे वाटतं ना ते पगार झाल्यासारखं वाटतं, मला पगार नाही पण अंदाज आहे.

५ फेब्रुवारी

आता ५.१९ चांगलं की वाईट हे कशावरून ठरवायचं? तक्त्यातले कप्पे (एकाच अर्थाच्या कोडॉनचे गट) तसेच ठेवायचे, वीस अमायनो ॲसिड्सची त्यांच्यात अदलाबदल करायची आणि प्रत्येक वेळी तोच आकडा काढायचा. सगळ्या अदलाबदली म्हणजे वीस फॅक्टोरियल, २४ वर सतरा शून्यं, ते माझ्या डिग्रीत बसत नाही. म्हणून दहा लाख रँडम.

पहिल्या रात्री सहा लाखांच्या आसपास लॅबचा पीसी स्वतःहून अपडेट होऊन रीस्टार्ट झाला. दुसऱ्या रात्री मॉनिटरला कागद चिकटवला, 'बंद करू नये, पाया पडते'.

सरासरी ९.४१ आली. ही खरं तर कागदावरही काढता येते, आधी सुचलं नाही: कुठल्याही दोन वेगळ्या अमायनो ॲसिड्समधल्या फरकाच्या वर्गाची सरासरी १२.६३ येते, त्याला ३९२ ने गुणा, ५२६ ने भागा, ९.४१. सिम्युलेशन बरोबर चाललंय याची ही खूण. आणि खऱ्या कोडपेक्षा कमी आकडा दहा लाखांत फक्त शंभर-सव्वाशे वेळा आला. म्हणजे दर दहा हजारात एखादा. फ्रीलँड आणि हर्स्ट यांनी १९९८ मध्ये चुका सगळ्या सारख्याच होत नाहीत, काही जास्त होतात हे वजन घालून बघितलं तर दहा लाखांत एकच वरचढ निघाला.

कप्पे तसेच ठेवायचे ही अट मला अजून खुपतेय. तिसऱ्या जागेचा बराचसा फायदा तर त्या कप्प्यांमुळेच मिळतो, तो सगळ्याच रँडम कोडना आयता मिळाला. त्यामुळे 'दहा लाखांत एक' हे वाक्य जे सगळीकडे फेकलं जातं ते वाचताना तळटीप वाचा लोकहो.

८ फेब्रुवारी

आज बसमध्ये, अक्षरशः उभ्याने, दांडी धरून, डोक्यात आलं की हा एरर करेक्टिंग कोड नाहीच्चे, हे ग्रे मॅपिंग आहे.

६४-क्वॅम बघा, लहरींवर बिट्स पाठवायची आमची एक पद्धत. चौसष्ट ठिपके, प्रत्येकाला सहा बिट्स. नॉइज आला की ठिपका बहुतेक वेळा शेजारच्या ठिपक्यावर जातो, लांब उडी क्वचित. म्हणून आपण बिट्स अशा वाटतो की शेजाऱ्याशेजाऱ्यांत एकाच बिटाचा फरक असावा, चूक झाली तरी सहातला एकच बिट जाईल. बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रेच्या नावाचा कोड. यात चूक पकडली जात नाही, सुधारली जात नाही, एक बिटसुद्धा जास्त पाठवला जात नाही, फक्त कोणाशेजारी कोणाला बसवायचं ते शहाणपणाने ठरवलेलं असतं. जेनेटिक कोड नेमकं हेच करतोय, अक्षर चुकलं तर चुकू दे, येणारा पाहुणा साधारण त्याच स्वभावाचा असावा. आणि तिकडेही चौसष्ट, इकडेही चौसष्ट, पण त्यावर मी हुरळणार नाहीये, कव्हर बघा.

घरी येऊन जागेनुसार आकडे काढले. रँडम कोडमध्ये पहिल्या जागेच्या चुकीची सरासरी १२.०५ असते, खऱ्यात ४.८८. तिसऱ्या जागेला रँडममध्ये ३.५९, खऱ्यात ०.१४! आणि मधल्या जागेला रँडममध्ये १२.६३, खऱ्यात १०.५६, म्हणजे जवळजवळ काहीच मेहनत घेतलेली नाही. मैत्रिणीला दाखवलं तर ती शांतपणे म्हणाली, "बरोबर आहे, रायबोसोम तिसऱ्या अक्षराला सगळ्यात जास्त चुकतो, मग पहिल्याला, मधल्याला सगळ्यात कमी. क्रिकचं वॉबल ऐकलंयस ना, तिसऱ्या अक्षराची जोडी सैल असते ते?" म्हणजे जिथे चॅनेल खराब तिथे मॅपिंग घट्ट, जिथे चॅनेल चांगला तिथे ढिलं. आमच्याकडे याला अनइक्वल एरर प्रोटेक्शन म्हणतात आणि त्यावर लोक पेपरवर पेपर काढतात.

(रात्री ११:४०) ग्रे कोडची कल्पना स्वान्सन यांनी १९८४ मध्ये मांडलेली आहे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. असो, जागेनुसार रँडमशी तुलना तरी माझी राहील असं आज रात्रीपुरतं धरून चालते.

१२ फेब्रुवारी

मैत्रीण गडचिरोलीची. तिने मला मधल्या जागेचं एक उदाहरण दिलं आणि नंतर बराच वेळ आम्ही दुसरंच बोलत होतो.

सिकल सेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी जीएजी असायला हवं, ग्लुटामिक ॲसिड. मधल्या ए चा यू झाला की जीयूजी, व्हॅलिन. माझ्या तक्त्यात बघितलं, १२.५ वरून ५.६ वर, फरकाचा वर्ग ४७.६१. कोडची सरासरी ५.१९ आणि ही एक चूक ४७.६१. आईकडून आणि वडिलांकडून दोन्हीकडून तीच आली तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नळ्यांत अडकतात, सांधे इतके दुखतात की मूल शाळेत बसू शकत नाही. विदर्भात, नंदुरबारकडे, आदिवासी पट्ट्यात हे घराघरात माहीत आहे, तिच्या शाळेत सिकलसेलचं लाल-पिवळं कार्ड असलेली मुलं होती म्हणे. पिवळं म्हणजे फक्त वाहक, लाल म्हणजे आजार.

आणि तरीही ही चूक टिकून का राहिली, तर एकच प्रत असेल तर मलेरियाच्या जिवावरच्या दुखण्यापासून बऱ्यापैकी वाचवते. मीन स्क्वेअर एररमध्ये हे कुठे बसवणार? चुकीची किंमत काय हे कोड ठरवत नाही, गाव ठरवतं.

हे वाक्य रिपोर्टमध्ये चालणार नाही. इथे राहू दे.

१५ फेब्रुवारी

सरांना अखेर सांगितलं की करेक्शन नाही. सर म्हणाले, कोडॉनमध्ये नाही गं, पण डीएनएत नाही असं कसं म्हणतेस, दोन पट्ट्या कशाला आहेत मग?

खरंच की. एका पट्टीवर ए तर समोर टी, जी तर सी. म्हणजे संदेशाची दोनदा लिहिलेली प्रत, रिपिटिशन कोड, दोन वेळा. आणि दोन वेळाच्या रिपिटिशनने चूक कळते, सुधारत नाही, हे आम्ही पहिल्या युनिटला शिकतो: एक प्रत म्हणते ए, दुसरी म्हणते सी, खरं कोणाचं? इथे ई. कोलाय या बॅक्टेरियाने काय केलंय ते वाचून मी दोन मिनिटं नुसती बसले. पट्टीत जिथे जिथे जीएटीसी येतं तिथल्या ए वर एक मेथिल ग्रुप चिकटवलेला असतो. नवीन कॉपी झालेल्या पट्टीवर तो लगेच नसतो, थोडा वेळ जातो. तेवढ्या वेळात दुरुस्तीवाले येतात, विजोड जोडी दिसली की बघतात मेथिल कुठल्या पट्टीवर आहे, ती जुनी म्हणून खरी, नवीन पट्टीचा तुकडा कापून परत लिहायचा. म्हणजे कोड डिस्टन्स दोनच, पण कुठली प्रत संशयित हे बाजूने कळतंय, त्यामुळे करेक्शन फुकटात. साइड इन्फर्मेशन!

आकडेसुद्धा तगडे आहेत. नुसतं कॉपी करताना साधारण लाखात एक चूक, एन्झाइम तिथल्या तिथे मागे वळून तपासतं तेव्हा कोटीत एक, आणि ही विजोड जोड्यांची दुरुस्ती झाली की अब्जात एक. या कामासाठी मॉड्रिच यांना २०१५ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये वाटा आहे, लिंडाल आणि संकार यांच्याबरोबर. आमच्या टेलिकॉमच्या पोरांना हे कोणी शिकवत का नाही.

२७ फेब्रुवारी

उद्या विज्ञान दिन, आणि आज मराठी भाषा गौरव दिन, त्यामुळे मॅडमनी दोन्ही एकात उरकायचं ठरवलं: शाळेची मुलं येणार, त्यांचं नाव मराठीत टाईप करायचं आणि डीएनएत लिहून दाखवायचं. मला वाटलं अर्ध्या तासाचं काम. बाइट घ्या, दोन-दोन बिट्सना एक अक्षर, प्रिंट.

टेस्ट म्हणून 'ओवी' टाईप केलं. आलं:

टीजीएए जीजीसीए जीसीएटी
टीजीएए जीजीसीए जीटीसीसी
टीजीएए जीजीसीसी जीएएए

ओ, व आणि दीर्घ वेलांटी, तीन तुकडे, आणि तिन्हींची सुरुवात सारखीच. कारण यूटीएफ-८ मध्ये (कॉम्प्युटरमध्ये अक्षरं साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि त्यातला पहिला बाइट कायम तोच, दुसरा दोनांपैकी एक. ३६ अक्षरांतली निम्म्याहून जास्त नुसती घोकंपट्टी. असा एकसारखा पॅटर्न खऱ्या डीएनएत लिहिला तर वाचताना तुकडे एकमेकांत गुंततात. वर शेवटी एएए, सलग तेच अक्षर आलं की सीक्वेन्सर मोजायला चुकतो, तीन होते की चार. आमच्या एचडीबी-३ ची, म्हणजे तारेवर बिट्स पाठवायच्या एका पद्धतीची, आठवण झाली, तिथेही सलग शून्यं आली की क्लॉक हरवतं म्हणून मुद्दाम मध्ये खोटा पल्स घालतात. डीएनए स्टोरेजवाल्यांनीही तेच दुखणं ओळखलंय, गोल्डमन यांच्या गटाने २०१३ मध्ये असं लिहिलं की आधीचं अक्षर पुन्हा वापरायचंच नाही, उरलेल्या तीनांतून निवडायचं.

मैत्रिणीने प्रिंट बघितलं आणि हसत सुटली. टीजीए म्हणजे आरएनएत यूजीए. स्टॉप कोडॉन. मराठीच्या प्रत्येक अक्षराची सुरुवात 'थांबा' ने होते, गौरव दिनाच्या दिवशी.

उपाय सोपा केला. देवनागरीचा ब्लॉक १२८ जागांचा, म्हणजे सात बिट्स पुरतात, ओवीला ७२ ऐवजी २१. मग स्यूडो-रँडम माळेशी एक्सॉर, म्हणजे आपला नेहमीचा स्क्रॅम्बलर, बिट्स मुद्दाम विस्कटणारा. शेवटी एक बिट भरीला, ११ अक्षरांत नाव बसलं.

२८ फेब्रुवारी

साधारण दीडशे मुलं. प्रिंटरने तासाभरात जीव सोडला, पुढच्यांना हाताने लिहून दिलं. एका मुलीने विचारलं, "ताई, यातलं एक अक्षर खोडलं तर माझं नाव दुसरंच होईल का?" मी म्हटलं एक बदललं तर नावातलं एकच अक्षर बिघडेल, फार तर शेजारचं, पण एक गाळलंस तर तिथून पुढचं सगळं सरकेल आणि पार वाट लागेल. तिने लगेच पेनने एक अक्षर खोडलं, "आता वाचा." चॅनेल असा असतो.

गाळलेलं अक्षर भरून काढणारे कोड आहेत, वर्शामोव-टेनेनगोल्ट्स, लेव्हेनश्टाइनने १९६५ मध्ये दाखवलं की ते एक गळती सुधारतात. पुढच्या सेमिस्टरला वेळ मिळाला तर.

६ मार्च

ड्राफ्ट दिला. सरांनी आत काही फार खुणा केल्या नाहीत, रँक टेस्टचा किस्सा अपेंडिक्समध्ये ढकला म्हणाले (मी काढून टाकणार होते, ते म्हणाले ठेव, पुढच्या पोरांचे दोन दिवस वाचतील). मग पहिल्या पानावर आले आणि टायटलमधलं 'करेक्टिंग' लाल पेनने खोडलं. मी म्हटलं सर त्या जागी काय लिहू? बराच वेळ बघत बसले. 'सोसणारा' लिही म्हणाले, आणि स्वतःच हसले, इंग्रजीत काय ते तूच शोध.

मिटिगेटिंग लिहिलंय सध्या. 'सोसणारा' जास्त बरोबर आहे.

११ मार्च

टायटल बदललं की फॉर्म नव्याने भरायचा, जुन्या सह्या चालत नाहीत, जुन्या फॉर्मची झेरॉक्स मात्र जोडायची. पहिली सही झाली. दुसऱ्या सहीचे मॅडम सोमवारपर्यंत रजेवर आहेत. खिडकीतल्या काकांनी फॉर्म उलटसुलट बघितला, म्हणाले, एका शब्दासाठी कशाला एवढं, तोच ठेवायचा होता ना.